आजोबांच्या वाटीतले मणी

आजी : उसवा.

भिंगरी : आजी! आत्ता कुठे आजोबांच्या माशाची शेपटी पुरी झाली होती ना!

आजी : शेपटी म्हणायचं का हिला? हा मासा पाण्यात सोडला तर जागच्या जागी गरागरा फिरत बसेल. चौथ्या ओळीत एक मणी कमी आहे, म्हणून सगळं अंग एका बाजूला कललंय. उसवा, उसवा.

आजोबा : मोजून घातले होते.

आजी : मोजून घातले असते तर कमी पडला कसा? मण्याला पाय फुटले?

भिंगरी : आजोबा, इकडे द्या, मी उसवते. तुमची बोटं दुखतात ना.

आजी : तू हात लावायचा नाहीस, भिंगरी. आजोबांना झटका आला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले? उजव्या हाताला काहीतरी बारीक काम द्या, नातीबरोबर मणी ओवायला बसवा, म्हणजे बोटं जागी होतील. त्यांची बोटं जागी व्हायचीत, तुझी नाहीत. ओवायचं त्यांनी आणि उसवायचंही त्यांनीच. तू तुझं फूल कर.

भिंगरी : माझी फुलं झालीसुद्धा. एक आईच्या किल्ल्यांना, एक बाबांच्या बॅगेला. आता पोपट करतेय. आजोबांचा मासा मात्र माझी सुट्टी लागल्यापासून शेपटीवरच आहे.

आजोबा : मासा आळशी आहे.

भिंगरी : आजी, बघ ना, आजोबा हसवतायत!

आजी : जीभ बरी चुरूचुरू चालते. तेवढी बोटं चालवा. अहो, घड्याळजी ना तुम्ही? केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून बसवायचात. गिऱ्हाईक श्वास रोखून बघत बसायचं. आणि आता हरभऱ्याएवढ्या प्लास्टिकच्या मण्यातून तुमच्याच्यानं दोरा जात नाही?

आजोबा : जाईना हे खरं.

आजी : तंगूस आहे तो, नायलॉनचा. ताठ असतो. त्याला सुईसुद्धा लागत नाही. भिंगरी पहिलीत होती तेव्हापासून ओवतेय.

भिंगरी : पहिलीत मला नव्हतं जमत, आजी. तूच ओवून द्यायचीस आणि मी केलं म्हणून सगळ्यांना दाखवायचीस.

आजी : तू मधे बोलू नकोस. आणि उद्याचं लक्षात आहे ना तुमच्या? व्यायामाच्या बाई येणार आहेत सकाळी.

आजोबा : आहे लक्षात.

आजी : एकट्या नाही हं. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुली आहेत ना, त्यांनाही घेऊन येणार आहेत. पेशंट कसा तपासायचा ते दाखवायला. समोर बसवून ओवायला लावतील.

भिंगरी : मग? आजोबांना बक्षीस मिळणार?

आजोबा : बक्षीस नाही. हात सुधारतोय असं दिसलं, तर याच हाताचा व्यायाम पुढे चालू.

भिंगरी : आणि नाही दिसलं तर?

आजोबा : तर डावा. डाव्या हाताला लिहायला, जेवायला शिकवायचं. याला सोडून द्यायचं.

भिंगरी : सोडून कसं देणार? हात काय रस्त्यात सोडून द्यायची वस्तू आहे?

आजोबा : बाई म्हणाल्या, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. हात येतो तो तेवढ्यात येतो. मग तसाच राहतो, लटकलेला.

आजी : बघू उद्या काय ते. उसवून झालं का?

आजोबा : झालं. जरा तोंड धुऊन येतो. डोळे चुरचुरतायत.

भिंगरी : काठी घ्या, आजोबा. हळू. मोरीत ओलं आहे.

आजी : जातील त्यांचे ते. पाय धड आहेत त्यांचे.

भिंगरी : आजी, तू आजोबांशी अशी का गं बोलतेस? शेजारच्या काकूंच्या मांजराशीसुद्धा तू गोड बोलतेस.

आजी : मांजरानं माझं काही वाकडं केलेलं नाही.

भिंगरी : आजोबांनी केलंय?

आजी : तुझा पोपट दाखव बघू. चोच लाल घ्यायची म्हटलं होतं ना मी? ही केशरी झाली.

भिंगरी : माझ्या वाटीतले लाल संपले. थांब, आजोबांच्या वाटीतले घेते दोन.

आजी : नको! त्यांच्यातले नको. इथे पाकीट आहे नवं, हे घे.

भिंगरी : दोनच तर हवेत. ते काय रागावणार आहेत? अरेच्चा. हा जातच नाहीये. आजी, याला भोकच नाही! म्हणजे आहे, पण आत प्लास्टिक अडकलंय.

आजी : निघतात तसे पाकिटात एखाददुसरे. स्वस्तातले मणी. साच्यातून काढताना भोक बुजतं. टाकून दे आणि दुसरा घे.

भिंगरी : हाही बुजलेला. आणि हापण. आजी, यात कितीतरी आहेत गं! माझ्या वाटीत तर एकही नव्हता.

आजी : तुझे मी निवडून दिले होते.

भिंगरी : मग आजोबांचे का नाही निवडलेस? माझी तर बोटं चांगली आहेत. मला बुजलेले दिले असतेस तरी मी... आजी?

आजी : काय आजी, आजी?

भिंगरी : माझ्यातून काढलेले तू त्यांच्या वाटीत टाकलेस?

आजी : हळू बोल.

भिंगरी : टाकलेस?

आजी : टाकले. रोज टाकते. पाकीट फोडलं की आधी निवडते, चांगले तुला आणि बुजलेले त्यांना. नुसते बुजलेले नाही, चांगल्यांत मिसळून. दोन जातील, तिसरा अडेल. पुन्हा एक जाईल, पुन्हा अडेल. म्हणजे माणसाला वाटतं, मणी बरोबर आहेत, आपल्याच हातात राम राहिला नाही.

भिंगरी : पण का? ते किती घाम गाळतात, आजी! काल त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला म्हणाले कचरा गेला.

आजी : मी पाहिलं. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

भिंगरी : आजी!

आजी : तू विचारलंस म्हणून सांगते. नाहीतर हे माझ्याबरोबरच जायचं होतं. तुझी आई तुझ्याएवढी होती, तेव्हाची गोष्ट. या खोलीला नि बाहेरच्या खोलीला मधे दार नव्हतं, नुसती चौकट. बाहेर आजोबांचं घड्याळांचं टेबल आणि आत आपला संसार. मी आणि तुझ्या आईनं त्या चौकटीला मण्यांचा पडदा केला. वरपासून खालपर्यंत. मधोमध मोर. अख्खी सुट्टी गेली, आणि पुढचीही गेली. मोराचा पिसारा तुझ्या आईनं ओवला. बोटांना तंगुसाचे वळ उठायचे, तरी उठायची नाही पोर.

भिंगरी : आईनं? आई तर मण्यांना हातसुद्धा लावत नाही. मी शिकव म्हटलं तर म्हणते, मला नाही आवडत ते, आजीकडे जा.

आजी : नाहीच लावणार. ऐक पुढे. पडदा लागला. येणारं जाणारं गिऱ्हाईक बघून जायचं, कुणी केला म्हणून विचारायचं. आणि हे भिंगातून वर न बघता म्हणायचे, आहे घरातलंच काहीतरी. एक दिवस बाहेर चारपाच माणसं बसली होती, आणि यांचा एक स्क्रू हरवला. असतो ना तो, डोळ्याला दिसतही नाही एवढा. टेबलावर शोधला, टेबलाखाली शोधला. पडदा वाऱ्यानं हलत होता. तर म्हणाले, या मण्यांच्या नादात माझा स्क्रू गेला. उठले, कात्री घेतली, आणि वरूनच पडदा कापला. एका दमात.

भिंगरी : सगळा?

आजी : सगळा. आवाज कसा झाला सांगू? पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मणी कुठच्या कुठे गेले. मोर होता नव्हता झाला. आणि मग मला म्हणाले, आता वेच. एक एक मणी वेच, त्यात माझा स्क्रू असेल. मी आणि तुझी आई, त्या लोकांच्या पायांमधून, गुडघ्यांवर. एका माणसानं तर बिचाऱ्यानं पाय वर उचलून धरले होते आमच्यासाठी.

भिंगरी : सापडला स्क्रू?

आजी : सापडला. यांच्याच शर्टाच्या बाहीच्या दुमडीत.

भिंगरी : मग आजोबा सॉरी म्हणाले?

आजी : म्हणाले, चहा टाक सगळ्यांना.

भिंगरी : बस?

आजी : बस कुठलं. त्याआधी एक वाक्य बोलले. मी खाली वेचत होते तेव्हा. त्या माणसांकडे बघून हसत म्हणाले, हाताला अक्कल असावी लागते. ती नसली की माणूस मणी ओवत बसतो.

भिंगरी : शी.

आजी : तुझ्या आईनं ऐकलं ते. हातातले मणी तिथेच टाकून आत गेली. मी पण ऐकलं. मी चहा टाकला. दूध उतू जाईपर्यंत मला समजलं नाही मी काय करतेय. त्या दिवसापासून ते वाक्य जपून ठेवलंय. किती वर्षं झाली कुणास ठाऊक. आणि बघ ना, काळानं कसा न्याय केला! हाताची अक्कल गेली आणि माणूस मणी ओवायला बसला. मी काही केलं नाही हो. झटका काही मी आणला नाही. पण आलाय तर मी काय त्याची आरती ओवाळू?

भिंगरी : आणि उद्या?

आजी : उद्या व्यायामाच्या बाई असतील, त्यांच्या त्या मुली असतील. चारचौघांत केलं ना यांनी? चारचौघांतच फिटलं पाहिजे. मणी अडेल, हात थरथरेल, वाटी सांडेल. मुली खाली वाकून वेचायला लागतील. आणि मग मी म्हणणार. अगदी हसत, तसंच. हाताला अक्कल असावी लागते.

भिंगरी : आणि मग त्या बाई म्हणतील, उजवा हात सोडून द्या.

आजी : म्हणू देत.

भिंगरी : मला तू आत्ता अजिबात आवडत नाहीयेस, आजी.

आजी : नको आवडू. सगळ्यांना आवडण्यातच माझा जन्म गेला.

भिंगरी : मी आजोबांना सांगणार. आत्ताच सांगणार. आजोबा! आजोबा, तुमच्या वाटीतले मणी...

आजोबा : माहीत आहे मला.

आजी : कधी आलात? कधीपासून उभे आहात तिथे?

आजोबा : हिनं हाक मारली तेव्हा आलो. खुर्ची दे गं, भिंगरी.

भिंगरी : बसा. आजोबा, काय माहीत आहे तुम्हाला?

आजोबा : मणी बुजलेले आहेत ते. पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आजी : शक्य नाही.

आजोबा : बोटं हलत नाहीत. पण कळतं त्यांना. भोक आहे की नाही, एवढं कळायला काय लागतं? जन्मभर दुसरं काय केलं? माझ्या खिशात हात घाल, भिंगरी. वरच्या.

भिंगरी : अगंबाई. खिसा भरून मणी! सगळे बुजलेले.

आजोबा : अगदीच अडला की खिशात टाकायचो. हिचं लक्ष नसताना. मग मोजणी चुकायची.

भिंगरी : म्हणून ओळीत एक कमी पडायचा!

आजी : पहिल्या दिवसापासून कळत होतं, तर तोंड का उघडलं नाहीत?

आजोबा : तू मुद्दाम टाकत होतीस. म्हणजे काहीतरी कारण असणार. म्हटलं, राग आहे, निघेल. राग संपला की बुजलेले मणीही संपतील.

आजी : वा! काय पण मनाचा मोठेपणा!

आजोबा : संपतच नव्हते पण.

आजी : म्हणजे मी रोज सकाळी चोरासारखी पाकीट फोडत होते, तुम्ही उठायच्या आत मिसळत होते, तुमची काठी वाजली की पाकीट पदराखाली लपवत होते, आणि तुम्ही आपले सगळं ओळखून बसला होतात? मला वाटत होतं, मी यांची जिरवतेय. आणि हे मला जिरवू देत होते! अहो, आयुष्यात एकदा तुमच्यावर कुरघोडी करायला मिळाली होती. ती पण तुम्ही मला खेळणं दिल्यासारखी दिलीत?

आजोबा : तसं नाही.

आजी : तसंच आहे! लहान पोराशी खेळताना मोठी माणसं मुद्दाम हरतात ना, तसं. सुखानं सूडसुद्धा घेऊ देत नाही हा माणूस!

भिंगरी : आजोबा, पण तुम्ही आजीला विचारलं का नाहीत की ती कशाला रागावलीय?

आजोबा : विचारायला काय. मला वाटलं, कळलंय.

आजी : काय कळलंय?

आजोबा : तुझ्या बहिणीच्या लग्नाला नाही जाऊ दिलं, ते.

आजी : ते? त्याचं उट्टं मी तेव्हाच काढलंय. महिनाभर भाजीत मीठ कमी पडत होतं ना? तुम्हाला वाटलं माझी जीभ गेलीय. डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागला होतात.

आजोबा : ते मुद्दाम होतं?

आजी : मग काय तर.

आजोबा : बरं. मग माझ्या आईसमोर तुझ्या माहेराला नावं ठेवली, ते?

आजी : ते मी सोडून दिलं. तुमची आई गेली तेव्हाच सोडलं. अजून काय काय आहे तुमच्या पोटात?

आजोबा : मग घड्याळाचंच असणार. तुला कळलं असेल कुठून तरी.

आजी : कुठल्या घड्याळाचं?

आजोबा : तुझ्या वडिलांनी दिलेलं. मनगटावरचं, छोटं.

आजी : ते बंद पडलं होतं. दुरुस्त होण्यासारखं नाही म्हणाला होतात.

आजोबा : बंद नव्हतं पडलं. एका गिऱ्हाइकाला तसलंच चाक हवं होतं. मिळत नव्हतं कुठे. तुझ्यातलं काढून घातलं.

आजी : काय?

भिंगरी : आजोबा, तुम्ही गप्प बसा ना! वाढवताय कशाला?

आजी : मी ते घड्याळ अजून कपाटात ठेवलंय! बंद तर बंद, वडिलांची आठवण म्हणून. मधूनमधून काढून कानाला लावते मी ते. आणि त्याच्या पोटात चाकच नाही?

आजोबा : मला वाटलं, त्यासाठीच चाललंय हे सगळं. म्हटलं, बरोबर आहे. भोगायला हवं.

आजी : हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. देवा! मी एका वाटीत मणी मिसळत बसले. मला पोतं आणायला हवं होतं!

भिंगरी : पडदा, आजोबा! घड्याळ नाही. मण्यांचा पडदा. मोराचा. तुम्ही कात्रीनं कापलात, तो!

आजोबा : कुठला पडदा?



भिंगरी : या चौकटीला होता, आजोबा. आईनं आणि आजीनं केलेला. तुमचा स्क्रू हरवला म्हणून तुम्ही कापलात. मग आजीला लोकांच्या पायांमधून मणी वेचायला लावलेत. आणि म्हणालात, हाताला अक्कल असावी लागते, ती नसली की माणूस मणी ओवत बसतो.

आजोबा : मी म्हणालो असं?

आजी : नका हो. आठवत नाही असं सोंग तरी आणू नका. बहिणीचं लग्न आठवतं, वडिलांचं घड्याळ आठवतं, सगळं जिथल्या तिथे आहे. डोक्याला काही झालेलं नाही तुमच्या.

आजोबा : सोंग नाही. खरंच आठवत नाही.

आजी : मी त्यावर इतकी वर्षं जगले, आणि तुम्हाला आठवत नाही.

आजोबा : मोर होता?

आजी : होता.

आजोबा : आणि पोरगी होती तिथे? वेचत होती?

आजी : होती. पुन्हा मण्याला शिवली नाही ती.

आजोबा : स्क्रू कुठे होता?

आजी : तुमच्या बाहीत.

आजोबा : आठवत नाही. पण केलं असणार. मीच केलं असणार. माझ्यासारखंच आहे ते.

आजी : एवढंच?

आजोबा : आठवत नाही त्याची माफी कशी मागू? खोटी होईल. घड्याळाची मागतो. ते आठवतं.

आजी : घड्याळाची ठेवा तुमच्याजवळ. त्याचा वेगळा विचार करीन मी.

आजोबा : उद्याही बुजलेलेच मणी देणार होतीस?

भिंगरी : उद्या तुमची वाटी सांडली की आजी सगळ्यांसमोर तेच वाक्य म्हणणार होती.

आजोबा : मग म्हण. मी सांडतो वाटी. चार मणी ओवायचे आणि सांडायची. बाईंसमोर, त्या मुलींसमोर. मी मान खाली घालून ऐकीन.

भिंगरी : आणि मग त्या तुमचा हात सोडून देतील, आजोबा!

आजोबा : असू दे. डावा आहे ना. तिचं तरी होऊ दे मनासारखं.

आजी : बघितलंस? बघितलंस, भिंगरी, हा माणूस कसा आहे ते? पुन्हा दान! मी पदर पसरला होता का? स्वतः सांडणार, स्वतः मान खाली घालणार, आणि मी त्यांनी दिलेल्या जागी उभं राहून वाक्य म्हणायचं, नाटकातल्यासारखं. मग त्यात माझं काय राहिलं? उद्या त्या मुली जाताना म्हणतील, आजोबा किती सोसतात हो, आणि आजी किती खवट आहे!

भिंगरी : तशी तू थोडी...

आजी : गप. आतलं मोठं ताट आण. आणि माझा चष्मा.

भिंगरी : ताट कशाला?

आजी : आण म्हटलं ना. हं. ओत त्यांची वाटी त्यात. सगळी ओत. खिशातले पण काढ. नव्या पाकिटातलेही घे. आता एक एक उजेडाकडे धरून बघायचा, आरपार दिसला तर इकडे, नाही तर तिकडे. एकही बुजलेला राहता कामा नये.

भिंगरी : म्हणजे तू माफ केलंस आजोबांना?

आजी : माफ? कुणी सांगितलं तुला?

भिंगरी : मग निवडतेस कशाला?

आजी : अगं, लुळ्या हाताच्या माणसाला हरवण्यात काय मोठेपणा? रस्त्यावरचं कुणीही येऊन हरवेल यांना. यांचा हात पहिल्यासारखा व्हायला हवा. भिंग डोळ्याला लावून, चिमटा धरून, तोऱ्यात बसायला हवेत टेबलाशी. ती मान पुन्हा ताठ झाली की मग मला काहीतरी करता येईल. पडद्याचं आहे, आता घड्याळाचंही आहे. केवढं काम पडलंय माझं!

आजोबा : काय करशील मग?

आजी : ते तुम्हाला आधी सांगून ठेवते, थांबा. म्हणजे ते पण ओळखून बसाल. भिंगरी, हा काय टाकलास तिकडे? चांगला आहे तो. नीट बघ.

भिंगरी : सॉरी. घ्या, आजोबा, हा निळा घ्या. यात आरपार दिसतंय, मी दोनदा बघितलं.

आजोबा : टोक जरा धर.

आजी : ती नाही धरणार. अंगठा आणि पहिलं बोट. मधलं नुसतं टेकवा. अहो, आवळू नका, मणी उडेल. सैल. अजून सैल. हां.

भिंगरी : गेला! आजी, गेला बघ! एकदम गेला!

आजी : बघितलं मी. ओरडू नकोस, त्यांचा हात हलेल. दुसरा दे.

आजोबा : थरथरतंय फार.

आजी : थरथरू दे. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. उद्या त्या मुली समोर बसतील, त्यांच्याकडेही लक्ष द्यायचं नाही. नुसतं मण्याकडे बघायचं.

आजोबा : आणि त्यांनी म्हटलं, हा हात काही यायचा नाही, तर?

आजी : म्हणणाऱ्या त्या कोण? तो परत येईपर्यंत मी काही तुम्हाला सोडत नाही.